पद्धत चुकली

हे मी कुणाजवळही बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, दादाजवळ तर नाहीच. दोन-तीनदा जिभेवर आलं होतं — मग चहा आला, विषय बदलला, मलाही बरंच वाटलं. आता थकलोय. लपवायलाही अंगात जोर लागतो, तो राहिला नाही.

मी अहमदपूरला शिकवतो. गाव मुखेडच्या बाजूला, शेती दादा, माझा थोरला भाऊ, बघतो. जातीच्या प्रश्नावर बोलणारा म्हणून मला चार लोक ओळखतात. जयंतीला बोलावतात, निळा फेटा बांधतात, मी तासभर बोलतो. बोलतो ते खोटं नसतं — हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे तुम्ही मला अगदीच ढोंगी समजणार नाही. बघा, अजून सुरुवात नाही आणि मी स्वतःची बाजू मांडायला लागलो. सवय आहे.

आमच्या गावात पोळ्याला वेशीत तोरण बांधतात. ते तोडायचा मान आमच्या घरच्या बैलाचा. त्याच्यामागून सगळ्या गावचे बैल वेशीतून मारुतीला जातात. सगळ्या म्हणजे — दलित वस्तीचे सोडून. ते ओढ्याकडून वळसा घालून, सगळं आटोपल्यावर यायचे. याला कुणी अन्याय म्हणत नसे, रीत म्हणत. लहानपणी मीही त्या वेशीतून बैलापुढं नाचत गेलोय.

किसन माझा वर्गमित्र, त्या वस्तीतला. देवणी बैलांची त्याच्यासारखी जोडी गावात दुसरी नव्हती, आमचीसुद्धा नाही. लोकांची शेतं नांगरून त्याचं घर चालायचं. वस्तीनं पंचायतीत अर्ज दिले, कुणी वाचलेही नाहीत. मग एका पोळ्याला त्यांनी वेशीतच बैल आडवे उभे केले. आमचे गेल्याशिवाय कुणाचेच जाणार नाहीत, म्हणाले.

दाटी झाली. हलगी, ऊन, दोन्हीकडून रेटारेटी. आमचा बैल बिथरला, दगडावर घसरला आणि त्याचा पुढचा पाय मोडला. दादा त्याच्याजवळ मातीत बसून रडला. दादाला मी रडताना कधी पाहिलं नव्हतं. मग त्यानं मान वर केली आणि गावादेखत मला विचारलं, "तू तर ह्यांच्याकडून बोलतूस. सांग आता, हे बरं केलं का?"

मी म्हणालो, मागणी बरोबर आहे. पण पद्धत चुकली.

एवढंच. यात वाईट काय आहे? सणाच्या दिवशी मुक्या जनावरांना मध्ये घालायचं — चुकलीच होती की पद्धत. मला आजही तसंच वाटतं. चळवळीच्या बाजूनं उभं राहावं आणि तिची चूकही दाखवावी, यात गैर काय?

काही नाही. फक्त ती पद्धत माझी होती.

नागपंचमीच्या सुमारास किसन अहमदपूरला माझ्या घरी आला होता, आणखी एक अर्ज लिहून दे म्हणून. मीच म्हणालो, अर्जानं काय होतंय, पोळ्याला वेशीत बैल आडवे घाला, मग बघ. तो कचरला. जनावर बिथरलं तर, म्हणाला. मी हसलो त्याला. वर हेही म्हणालो, की मी येईन, तुझ्या जोडीचा कासरा धरून उभा राहीन.

उभा राहिलो तो दादाच्या मागं.

बोललो तेव्हा किसन हाताच्या अंतरावर होता. तो आता सगळं सांगणार, असं मला वाटलं. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि आपली जोडी बाजूला घेतली.

माझं वाक्य गावाला फार आवडलं. त्यांच्याकडून बोलणारे आपले गुरुजीसुद्धा म्हणाले पद्धत चुकली, असं जो तो माझं नाव घेऊन सांगायला लागला. त्या जोरावर वस्तीला कामाला बोलावणं बंद झालं. किसनची जोडी कुणी शेतात घेईना. उन्हाळ्यात त्यानं ती देवणीच्या बाजारात विकली. मला मात्र भाषणांची बोलावणी वाढली. समतोल माणूस, म्हणायला लागले. ते वाक्य मी पुढं किती ठिकाणी वापरलं — आणि दर वेळी टाळी घेतली.

एकदा मुखेडच्या स्टँडवर तो भेटला. मी न विचारताच म्हणाला, "सांगितलं असतं तर तुझं बी घर तुटलं असतं. आमच्याकडून बोलणारं एक तरी मानूस तिकडं ऱ्हावं, म्हनलं." मग थांबला. मी काही बोलेन, असं त्याला वाटलं असावं. मी बसची पाटी वाचत राहिलो.

पुढं वरून दबाव आला, बैठका झाल्या, गावानं नमतं घेतलं. आता वस्तीचे बैल वेशीतून जातात. वस्ती त्या दिवशी आडवी उभी राहिली म्हणूनच ते झालं. गावाच्या मते मात्र ते माझ्या सामोपचारानं झालं. म्हणून पहिल्या पोळ्याला, तोरण तुटल्यावर, मारुतीच्या पारावर माझा सत्कार ठेवला.

किसन मागं उभा होता. सगळ्यांच्या हातात आपापल्या बैलांचे कासरे होते. त्याचे हात रिकामे होते, म्हणून त्याला टाळ्या वाजवता आल्या.

मी शाल घेतली.