फोटोवाल्या आर्मेनियनाचा पक्ष

ती दुपार आठवली की आजही माझं डोकं सणकतं.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. लोणावळ्यात स्टेशनाजवळ एका आर्मेनियन गृहस्थांचा फोटो स्टुडिओ होता. मी तिथं फोटोंना हातानं रंग द्यायची. तुर्कस्तानातल्या कत्तलीतून घरातले दोघेच वाचले होते, मालक आणि त्यांचा धाकटा भाऊ. मालक त्यांच्याकडच्या नेमस्त पक्षाचे. कत्तलीनंतर उरल्यासुरल्या वकील-व्यापाऱ्यांनी जुने गट एकत्र करून तो काढला होता. आर्मेनियाचा उरलेला तुकडा बोल्शेविकांच्या हाती गेला, तरी तिथं आपलीच माणसं आहेत, त्यांना शाळा-दवाखाने बांधून द्या, असं तो पक्ष म्हणे. भाऊ जहालांपैकी. त्याच्या लेखी ही सरळ गद्दारी. एवढ्यावरून दोघांचं बोलणं तुटलं होतं.

पुढं भावाला क्षय झाला. मुंबईहून तो हवापालटाला लोणावळ्यालाच आला, पण उतरला भाड्याच्या खोलीत, गावातल्या एका मावशींकडे. मालक रोज सूप घेऊन जात. तो दार उघडत नसे. मी नेलं तर घेई.

"सख्ख्या भावाचं तोंड बघायचं नाही, असं काय केलंय त्यांनी?" एकदा मी चिडून विचारलं.

"त्याच्या पक्षानं आमचा झेंडा विकला," तो म्हणाला.

महिन्याभरात तो गेला. मुंबईहून त्याच्या पक्षाचे चौघे आले. ख्रिस्ती दफनभूमीत मालक माती घालायला वाकले, तसा त्यातल्या एकानं त्यांचा हात धरला आणि त्यांच्या भाषेत काहीतरी बोलला.

"काय म्हणतोय?" मी विचारलं.

"गद्दाराची माती नको म्हणतोय," मालक म्हणाले.

मावशी पुढं झाल्या. "आवं, पाठचा भाऊ गेला त्यांचा. तुमी कोन अडवनार? एवढ्या लांबनं जीव वाचवून आला, ते हितं ह्ये करायला व्हय?"

त्या माणसाला एक अक्षर कळलं नसावं. मी त्याचं मनगट धरून मालकांचा हात सोडवला. मालकांनी माती घातली.

एवढ्यावर थांबतील तर ते मालक कसले. परतताना त्यांनी त्या चौघांना स्टुडिओत चहाला बोलावलं.

"यांना चहा?" माझा आवाज चढला.

"आम्ही उरलोय तरी किती?" ते म्हणाले.

दोघे आत आले, दोघे रस्त्यावरच उभे राहिले. मी चहा टाकला नाही. मालकांनीच तो केला, आणि बाहेरच्या दोघांनाही कप नेऊन दिले.