पोटच्या पोराविरुद्ध

चाकणजवळच्या आमच्या गावात पुतळाबाई फटकळ म्हणून प्रसिद्ध. रानं कंपन्यांत गेली, उरलेल्या जागेवर त्यांनी कामगारांसाठी भाड्याच्या खोल्या बांधल्या. खोली बघायला आलेल्याला त्या आधीच सांगत, पाणी दिवसाआड येतं आणि पत्रा तापतो.

मुलगा एकच, रविराज. कंपनीत सुपरवायझर. त्याची बायको जयमाला दीड वर्षात माहेरी गेली ती परतलीच नाही. तिला नांदायचंच नव्हतं, असं तो गावभर सांगे.

गेल्या माघात मावळातून स्थळ सांगून आलं. पोहे झाले, पसंती झाली. मुलीची आई हात धुवायला मागच्या मोरीवर गेली आणि तिने पहिलीचं काय झालं होतं म्हणून विचारलं.

पुतळाबाई तिच्या हातावर पाणी घालत होत्या. म्हणाल्या, "माझा पोरगा हात उचलतो. मारानं जयमालाचा कान फुटला, तवा मीच तिला एसटीत बसवून दिली."

पाहुणे सुपारी न फोडताच उठले.

रविराजने आईशी बोलणं टाकलं. तिचं अंथरूण भाडेकरूंच्या ओळीत शेवटच्या खोलीत नेऊन ठेवलं. भावकीने येणं-जाणं बंद केलं. तो समोरून मान फिरवून गेला की पुतळाबाईंना भडभडून येई. तरी बोलले ते चुकलं, असं त्या कधी म्हणाल्या नाहीत.

उन्हाळ्यात त्याने परभणीकडची मुलगी करून आणली. नीला. ती पाणी भरायला आली तेव्हा पुतळाबाईंनी तिलाही सगळं सांगितलं. नीलाने ऐकून घेतलं.

"मला ठाव हाय, आत्याबाई," ती म्हणाली. "मध्यस्थानं बाबाला सांगितलं व्हतं. घरी माझ्या पाठच्या अजून दोघी हायेत."

श्रावणात नीलाचा हात मोडला. पुतळाबाई एकट्या चौकीत गेल्या आणि डोळ्यांनी पाहिलेलं सांगितलं. हवालदाराने नवराबायकोला बोलावून घेतलं. नीला खाली बघत म्हणाली, मोरीत पाय घसरला. हवालदाराने तेवढंच लिहिलं आणि पुतळाबाईंना म्हणाला, "आजी, पोराचं घर मोडू नका."

बाहेर एकच रिक्षा होती. रविराज पुढे ड्रायव्हरशेजारी बसला, या दोघी मागे.