आरतीचा ठेका आणि बेस युकुलेले

माझ्या नवऱ्याचे कान मानेसरच्या कारखान्यात गेले. गाड्यांचे पत्रे कापणाऱ्या प्रेसशेजारी त्यांची सगळी नोकरी झाली. डॉक्टर म्हणाले, वरचे, बारीक आवाज गेलेत. खालचे, जाडे शिल्लक आहेत. म्हणजे आमच्या गुडगावच्या सोसायटीचा जनरेटर त्यांना ऐकू येतो, मी नाही. कानाच्या मशीनने फक्त गोंगाट वाढतो म्हणून ते लावत नाहीत.

सोसायटीतल्या मराठी घरांचा गणपती क्लबहाऊसमध्ये बसतो. आरतीचा ठेका पहिल्यापासून ह्यांच्या टाळ्यांवर चालायचा. मग टाळ्या पुढे पळू लागल्या. वयाचा मान राखायचा म्हणून बाकीचे त्यांच्यामागे धावत, आणि आरती धापा टाकत संपे. गेल्या वर्षी कुणीतरी फार प्रेमाने त्यांच्या हातात प्रसादाचं ताट दिलं, आरतीभर धरायला. ते समजायचं ते समजले. दुसऱ्या दिवसापासून खाली उतरलेच नाहीत.

यंदा त्यांना परत न्यायचं मी ठरवलं. एखादं जाड आवाजाचं वाद्य मीच ठेक्यावर वाजवलं तर? ह्यांना घेऊन दुकानात गेले.

"बच्चे के लिए, मैडम?"

"मेरे लिए."

बेस गिटार माझ्या खांद्याला झेपेना. तेव्हा दुकानदाराने बेस युकुलेले काढलं. लहान मुलाच्या गिटारएवढं, रबरासारख्या चार जाड तारा, आवाज मात्र खोल. दोन होती. एक दिसायला सुरेख, पण दांडीवर सुरांच्या जागा दाखवणारे पडदे नाहीत. सूर कानाने शोधायचा. एवढा वेळ कुणाला आहे? पडदेवालं ह्यांच्या मांडीवर ठेवून मी सर्वांत जाड तार छेडली.

"हे येतंय," ते म्हणाले. तेच घेतलं.

नव्या तारा ताणत राहतात, त्यामुळे रोज सूर उतरायचा, रोज लावायचा. मी शिकले ते एवढंच, टाळीगणिक एक सूर. घरात त्यावर ते बरोबर टाळ्या देत.

"खाली येताय ना?" मी त्यांच्या कानाशी ओरडले.

"अगं, बघू."

आले. मी वाद्य छोट्या स्पीकरला जोडलं. पहिलं कडवं नीट गेलं. मग झांजा चढल्या, घंटा सुरू झाली, आणि माझा सूर त्यात कुठे गेला ते मलाही कळेना. टाळ्या पळाल्या.

"काका, आराम से!" शेजारीण ओरडली. त्यांना कुठलं ऐकू जायला! मी तार जोरात ओढली, बोट निसटलं, माझाच ठेका चुकला. बाकी सगळे गातच होते. ह्यांनी टाळ्या थांबवल्या, गुडघे धरत खाली बसले आणि स्पीकरवर तळहात टेकला. शेवटपर्यंत तसेच बसून होते. मान हलत होती, तीही उशिरानेच.

लिफ्टमध्ये म्हणाले, "उद्या जरा मोठ्याने वाजव."

स्पीकरचं बटण शेवटपर्यंत फिरवलेलं होतं. ते सांगायचं तर ओरडावं लागलं असतं, आणि लिफ्टमध्ये चार माणसं होती. मी नुसती मान डोलावली.