वरचं घड्याळ आणि अक्कांचा बांध

काळ सगळीकडे सारख्या गतीने चालत नाही, हे मानवजातीला फार उशिरा उमगलं. आमच्या मोजणी ऑफिसात मात्र ते आधीपासून माहीत होतं. तिथे जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची असे आणि ती तीन वाजेपर्यंत चाले.

या ऑफिसात एक माणूस वेळेवर येत असे. सगळे त्यांना नाना म्हणत, म्हणून मीही तेच म्हणतो. नाना भूकरमापक, म्हणजे शेताच्या हद्दी मोजून देणारे. मी तिथला कारकून. सहीसाठी कागद पुढे केला की नाना पेनाचं टोपण काढत, कागद वाचत आणि टोपण पुन्हा लावत. "आधी मला समजू द्या, भाऊसाहेब." असा एखादा माणूस तुमच्याही ऑफिसात असेल. त्याच्यामुळे कामं अडतात आणि त्याच्याच कामांवर कोणी अपील करत नाही.

नानांचं गाव अमळनेरकडचं. ऑफिसात ते शुद्ध मराठी बोलत. आनंद झाला की मात्र अहिराणी आपोआप बाहेर पडे. नोकरीची शेवटची दोन वर्षं आमच्या केळीच्या तालुक्यात होती. निवृत्तीला दोन महिने उरले असताना त्यांनी आधुनिक भौतिकशास्त्र शिकायला घेतलं. त्याला कारण एक अक्का.

या अक्का सत्तरीच्या. पुतण्याच्या आणि त्यांच्या शेतामध्ये एक बांध आणि त्या बांधावरून वाद. नाना नवं यंत्र घेऊन मोजणीला गेले. काठीवर पांढरी वाटी पालथी घातल्यासारखं ते दिसतं. उपग्रहांशी बोलून आपण कुठे उभे आहोत, हे ते बोटभर फरकाने सांगतं. यंत्राने सांगितलेली रेघ अक्कांच्या बाजूला हातभर आत आली. केळीची एक अख्खी ओळ पुतण्याकडे जात होती.

पुतण्या म्हणाला, "काकू, यंत्र काय खोटं बोलतं का?"

"मी यंत्राले नाही, नानाले इचारून राहिली. माह्या बांधाचं त्या वरच्याले काय ठाव?"

दुसऱ्या कोणी 'सरकारी यंत्र आहे' म्हणून विषय संपवला असता. नाना समजावायला बसले. उपग्रहात घड्याळ असतं. तो आपली वेळ खाली कळवतो. ती किती उशिरा पोचली त्यावरून अंतर निघतं. असे चार-पाच उपग्रह धरले की जागा पक्की होते. एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण नानांनी प्रशिक्षणात ऐकलेली आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगून टाकली. वरचं घड्याळ खालच्यापेक्षा रोज किंचित पुढे पळतं, त्याची दुरुस्ती करावी लागते. नाही केली तर दिवसभरात हिशेब कित्येक किलोमीटर चुकेल.

अक्कांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "ज्याचं घड्याळ पुढं पळतं, त्याच्या भरवशावर मी माही ओळ सोडू? का पळतं ते पुढं?"

नानांनी पेनाचं टोपण लावलं. उत्तर मिळाल्याशिवाय नकाशावर सही करणार नाही, असं बांधावरच सांगून परत आले.

साहेब चिडले. "नाना, तुम्हाला सही करायची आहे, शोध लावायचा नाही."

"साहेब, बाई ओळ देतेय. कशाच्या जोरावर देतेय ते मला नको सांगता यायला? तिला नाही पटलं तर माझ्या सहीचं ती काय करेल?"

पहिल्यांदा आम्ही पाचोऱ्याला गेलो, भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या एका प्राध्यापकांकडे. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी आम्हाला बसा म्हणण्याआधीच समीकरण मांडलं. दीड तासात चार पानं भरली. घड्याळ वेगाने फिरतं म्हणून थोडं मागे पडतं आणि पृथ्वीपासून लांब असतं म्हणून त्याहून जास्त पुढे जातं. वजाबाकी करून पुढे जाणंच उरतं. नानांनी पानं नीट घडी करून खिशात ठेवली. परतीच्या गाडीत म्हणाले, "बरोबरच असणार. पण ही पानं मी अक्कांना दाखवली तर त्या मला चहा पाजून घालवून देतील."

मग जळगावात एका मोठ्या वक्त्यांचं 'काळ, विज्ञान आणि आपण' असं व्याख्यान होतं. दीप पेटला, शाल आली, सत्कार करणाऱ्यांचेही सत्कार झाले. वक्ते म्हणाले की काळ लवचिक आहे हे आपल्या पूर्वजांना हजारो वर्षांपूर्वी ठाऊक होतं. टाळ्या थांबल्यावर नाना उभे राहिले. आवाजात फक्त कुतूहल.

"सर, मग त्यांनी दुरुस्ती किती धरली होती?"

वेळेअभावी प्रश्नोत्तरं तिथेच आवरती घेतली गेली.

आता नानांनी ठरवलं की आपणच मोजायचं. मोजणीदाराला दुसरं काय सुचणार? बाजारातून एकाच जातीची दोन मनगटी घड्याळं आणली. रेडिओच्या ठोक्यावर दोन्ही जुळवली. एक माझ्या टेबलावर ठेवलं आणि दुसरं शिरपूरच्या वर सातपुड्यात राहणाऱ्या भाच्याकडे नेऊन दिलं. उंचावर वेळ जास्त सरते ना, मग डोंगरावर बघू. तीन आठवडे नाना रोज माझ्या घड्याळाकडे असे बघत, जसं घरातलं कोणी परीक्षेला बसलंय.

डोंगरावरचं घड्याळ खाली आलं ते अकरा सेकंद मागे.

"मागे!" नाना ओरडले. "भाऊसाहेब, मागे! याचा अर्थ काय?"

मी म्हटलं, "अर्थ हा की दुकानदाराने फसवलं."

नाना प्राध्यापकांची चार पानं घेऊन बसले. डोंगराच्या उंचीचा खरा फरक काढला. तो सेकंदाचा इतका बारीक तुकडा निघाला की शून्यं लिहिताना पेन अडखळलं. नानांना कोण आनंद झाला! "आपल्या घड्याळाची चूकच एवढी मोठी, की विश्व तिच्याखाली दिसतसुद्धा नाही!" हरल्यावर इतका खूश झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मे महिना निम्मा सरला. महिनाअखेरीस निवृत्ती. नाना पदभार देण्यासाठी अडगळीच्या खोलीतलं सामान यादीशी ताडून बघत होते. त्यात मोजणीची जुनी लोखंडी साखळी निघाली. पूर्वी शेतं तिनेच मोजत. नानांनी सवयीने ती अंगणात पसरली आणि टेपने तपासायला लागले. आमच्याकडचं मे महिन्याचं ऊन तुम्हाला सांगायला नको. दुपारपर्यंत साखळी तापून थोडी वाढली होती. जुने मोजणीदार उन्हाळ्यात तेवढी दुरुस्ती धरत. नानांनी ती वहीत लिहिली आणि लिहिता लिहिता थांबले.

पुढे जे झालं ते आमच्या शिपायाने साहेबांना असं सांगितलं: "नाना अंगणातून अनवाणी पळत आले. त्यांना काहीतरी सापडलंय."

साहेब म्हणाले, "काय हरवलं होतं?"

नाना माझ्या टेबलापाशी आले. तळपाय भाजत होते, म्हणून एकदा या पायावर, एकदा त्या पायावर.

"भाऊसाहेब, बठ्ठं उलटं शे! सगळंच उलटं! मी समजत होतो घड्याळ या साखळीसारखं आहे. उन्हात साखळी ताणली जाते, शेत आहे तेवढंच राहतं. चूक साखळीची. म्हणून मी महिनाभर घड्याळात चूक शोधतोय. अहो, घड्याळात चूकच नही! घड्याळ अगदी बरोबर चालू शे. वर वेळच जास्त शे! साखळी ठीक, शेतच ताणलेलं शे!"

मी स्वभावाने संशयी आहे आणि ऑफिसात सहसा उभा राहत नाही. त्या क्षणी मी उभा होतो. चार पानांच्या समीकरणांत जे प्राध्यापक सांगत होते, ते मला पहिल्यांदा दिसलं. आपण सगळे वेळेला एकच मोठी, सगळ्यांची मिळून असलेली गोष्ट समजतो. ती तशी नाही. माळ्यावर आणि ओट्यावर ती वेगळी सरते. फरक नगण्य, पण खरा.

नानांनी लगेच पाचोऱ्याला फोन लावला. प्राध्यापकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, बरोबर. नानांनी विचारलं, "पण पृथ्वीजवळ वेळ कमी का सरते? पृथ्वी नेमकं करते काय?" पलीकडून उत्तर आलं, "नाना, किती ते मला काढता येतं. का, ते खरं सांगू, असंच आहे."

"हाई उत्तर मले आवडनं," नाना फोन ठेवून म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही अक्कांच्या शेतात. नानांनी साखळी सोबत घेतली होती. बांधावर ती पसरून त्यांनी अर्धा तास समजावलं. हातवारे करताना एकदा केळीच्या पानात अडकले. अक्का काठीवर हनुवटी टेकून ऐकत होत्या. पुतण्या मोबाईल खिशात घालून जवळ सरकला होता.

"म्हणून अक्का, वरचं घड्याळ खोटं नाही. वर वेळच जास्त सरते. किती जास्त, ते माणसाला आधीच माहीत असतं. मग वर पाठवायच्या आधीच त्या घड्याळाला जरा हळू चालायला लावतात."

"सासरी धाडताना पोरीले सांगतात तसं? तिकडं जरा हळू चालजो म्हनून?"

"तस्संच!" नानांनी टाळी वाजवली. "अक्का, तस्संच!"

"अन् वर जास्त का सरते?"

मी नानांकडे पाहिलं. इथवर सगळं जमलं होतं. इथे एखादा जड शब्द टाकला असता तर काम झालं असतं. व्याख्यानात आम्ही असे दहा-बारा ऐकलेही होते.

"ते मला नाही समजलं, अक्का. मोठ्या माणसांना विचारलं. ते म्हणतात, असंच आहे. किती ते सांगतो. का ते नाही सांगता येत."

पुतण्याने कपाळाला हात लावला. अक्का काठी टेकत केळीच्या त्या ओळीपाशी गेल्या. ओळीला घड धरू लागले होते.

"मोजायले तुह्याआधी तिघं आले," त्या म्हणाल्या. "त्या समद्याईले समदं समजेल व्हतं. तिघांची रेघ तीन जागी." मग काठीने जमिनीवर ठोकून म्हणाल्या, "गाड तुहा हद्दीचा दगड. पन या वर्साची केळी माही, सांगून ठेवते."

"तुझीच, काकू," पुतण्या पटकन म्हणाला.

नानांनी नोकरीच्या शेवटच्या दिवशी नकाशावर सही केली. प्रकरण मुदतीबाहेर गेलेलं, त्यामुळे 'विलंबाचे कारण' या रकान्यात काहीतरी लिहिणं भाग होतं. नानांनी लिहिलं: 'उपग्रहातील घड्याळ पुढे का जाते हे समजून घेण्यात वेळ गेला. निम्मे समजले.'

साहेब म्हणाले, "नाना, असं लिहितात का? तांत्रिक कारण म्हणा."

"साहेब, तांत्रिकच आहे."

संध्याकाळी नाना धुळ्याच्या एसटीत बसले. तिथे मुलाकडे राहतात. खिडकीतून हात हलवायचा सोडून ते शेजारच्या प्रवाशाला वर बोट दाखवून काहीतरी सांगत होते. गाडी सुटली तेव्हा तो प्रवासी वाकून आकाशाकडे बघत होता. ऑफिसात आता सगळ्या सह्या पटापट होतात आणि अपिलांची कपाटं भरत चालली आहेत.

अक्कांचं प्रकरण मंजुरीसाठी वरच्या ऑफिसला गेलं होतं. मी धास्तावून होतो, विलंबाचं ते कारण वाचून कोण काय म्हणेल. दोन महिन्यांनी फाईल परत आली. त्या कारणाला कोणी हरकत घेतली नव्हती, किंवा कोणी ते वाचलं नव्हतं. समासात लाल शाईने एवढंच लिहिलं होतं: 'सहीखाली तारीख नाही.'