नरसिंहाचा नेम आणि बाबांचा दम

बाबांच्या छातीत नरसिंह नाचवण्याइतका दम उरलाय का, या एका प्रश्नावरून गेल्या साली आमच्या घरात महिनोन् महिने कुरबूर चालली होती. मोखाड्याकडे आमच्या गावात बोहाडा होतो, म्हणजे देवादिकांच्या मुखवट्यांचा उत्सव. एकेका घराकडे एकेक सोंग असतं आणि ते पिढ्यान् पिढ्या त्याच घरात राहतं. आमच्याकडे नरसिंह. मुखवटा असा जड की तो बांधून नुसतं उभं राहिलं तरी मान भरून येते. बाबांना तर तो बांधून संबळाच्या तालावर सगळं गाव फिरायचं असतं.

भात झोडून झालं आणि बाबांना टीबी निघाला. जव्हारच्या दवाखान्यात गोळ्या सुरू झाल्या. मी जव्हारलाच शाळेत शिकवते, म्हणून डॉक्टरांनी सगळं मलाच बजावलं. गोळी एक दिवसही चुकवायची नाही आणि रोज एक अंडं खायला द्यायचं. बाबा दोन्ही मुकाट्याने घेत होते. खोकला उतरला, अंग भरू लागलं आणि मी निर्धास्त झाले.

मग होळी आली. होळीनंतर सोंग घेणाऱ्याचा नेम सुरू होतो. दारू नाही, विडी नाही, मटण-मासळी नाही; पहाटे अंघोळ करून मुखवट्यापुढे दिवा लावायचा. मी सुट्टीला घरी गेले तर आई चुलीपाशी तोंड फुगवून बसलेली. बाबांनी अंडं सोडलं होतं, तेवढं मी समजून घेतलं असतं. पण अंड्याबरोबर त्यांनी गोळ्याही सोडल्या होत्या. दोन्ही दवाखान्यानेच सांगितलेलं, म्हणजे दोन्हींची जात एक. एक नेमात बसत नाही तर दुसरं कसं बसेल, असा त्यांचा सरळ विचार.

माझं डोकंच फिरलं. "बाबा, गोळी काय कोंबडीनं घातली का?"

"तू शाळंत शिकव," बाबा म्हणाले. "नेमाचं मना ठाव हाय. आन् आथा मी बरा हाय."

हेच तर भय होतं. बरं वाटायला लागलं की माणूस गोळी सोडतो आणि मग रोग दुप्पट जोराने उलटतो, हे मी डॉक्टरांकडून इतक्यांदा ऐकलं होतं की झोपेतही सांगितलं असतं. बाबांना सांगून उपयोग शून्य. आई रडून थकली होती. शेवटी मी गावच्या भगताकडे निघाले. देवाचं बघणारा, नेम लावून देणारा तोच. सगळं खापर त्याच्या डोक्यावर फोडायचं, असं मी ठरवूनच गेले होते.

भगत अंगणात दोरी वळत होता. मी तावातावाने बोलत राहिले आणि तो ऐकत राहिला. मग दोरी बाजूला टाकून उठला आणि माझ्याबरोबर घरी आला. बाबांसमोर बसला.

"दिवा लावलास का लगेच गोळी घ्याची," तो म्हणाला. "गोळी चुकली तं नेम मोडला. नेम मोडला तं मुखवटा तुझ्या पुतण्याच्या डोक्याला."

"पन भगता, नेमात दवाखान्याचा..."

"देव अंगावं घ्याचा तं अंग नको का? अंडा नको खाऊस. गोळी खा."

बाबा उठले, हातपाय धुतले, आणि दिव्याची वेळ नव्हती तरी दिवा लावला. गोळी मुखवट्यापुढे ठेवली, हात जोडले आणि गिळली.

दुसऱ्याच दिवशी मी बाबांना जीपने जव्हारला नेलं. डॉक्टर आधी भरपूर रागावले, मग पुन्हा तपासणी केली. फार दिवस गेले नव्हते, हे आमचं नशीब. अंड्याऐवजी डाळ, कुळीथ आणि शेंगदाणे भरपूर द्या, म्हणाले. विडी-दारू बंद आहे हे ऐकल्यावर तर ते खूशच झाले. असा नेम मी सगळ्याच पेशंटना लावला असता, म्हणाले. डॉक्टर आणि भगत यांनी एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नाही, पण त्या उन्हाळ्यात दोघांनी मिळून माझ्या बापाला सरळ केलं. जंतू गोळ्यांनी मारले, याबद्दल मला शंका नाही. पण त्या गोळ्या रोज बाबांच्या पोटात घातल्या त्या देवाने, हेही मी कुणापुढेही सांगेन. बोहाड्याच्या आधी डॉक्टरांनी छाती तपासून नाचायला हरकत नाही असं सांगितलं, तरी आईची धास्ती काही गेली नाही.

आमचं सोंग उजाडता उजाडता निघतं. बाबांनी मुखवटा बांधला. चुलतभाऊ कंबर कसून त्यांच्या मागेच चालत होता. बाबांना धाप लागली तर सोंग मध्येच थांबू नये म्हणून ही तयारी. संबळ सुरू झाला आणि बाबा सुटले. अर्ध्या वाटेवर चढ लागतो. तिथे चुलतभावाने हात पुढे केला. बाबांनी तो झटकला आणि चढावरच गिरकी घेतली. बायाबापड्या ओवाळायला पुढे येत होत्या आणि मी वेड्यासारखी हसत बाबांच्या मागून पळत होते.

देवळापुढे मुखवटा उतरला. घामाने निथळत बाबा ओट्यावर बसले. संबळवाला थांबला. आता खोकतील, मग खोकतील, म्हणून सगळे त्यांच्याकडे बघत राहिले. मला राहवलं नाही. लहान मुलीसारखी मी सगळ्या गावादेखत त्यांच्या ओल्या पाठीला कान लावला. काळीज धडधडत होतं. श्वास वर जात होता, खाली येत होता, आणि घरघर कुठेच नव्हती.

"काय आयकतंस?" बाबांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले आणि रडायला लागले.