फिर!

माझ्या मुलीच्या पहिल्या नाचात सगळ्यात जास्त गाजलो मी, आणि मी नाचत नव्हतो.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. धुळ्याहून गुजरातला लागून असलेल्या सिल्वासात सूत कारखान्यात नोकरीला आलो, तेव्हा आमची सुनी नववीत होती. पाहुणे आले की ही दाराआड! नाव विचारलं तरी उत्तर तिची आई द्यायची. शेजारच्या इलाबेन आमच्या कॉलनीतल्या पोरींना नाच शिकवायच्या. त्यांनीच सुनीला ओढून नेलं.

"पाटीलभाई, छोकरी सरस नाचते," त्या म्हणाल्या, "फक्त डोकं उपर करत नाही."

नवरात्रातल्या कार्यक्रमाच्या दिवशी सुनी रडवेली झाली. "बाबा, मी गिरकी विसरले आणि सगळे हसले, तर पुन्हा कधी स्टेजवर जाणार नाही!"

मी म्हटलं, "मी पडद्यामागे उभा राहतो. गिरकी आली की हळूच सांगतो, फिर." (यंत्रांच्या खडखडाटात नोकरी करणाऱ्या माणसाचं 'हळूच' वीस किलोमीटरवरच्या खानवेलपर्यंत जातं!)

गाणं सुरू झालं. खाली मान घालून का होईना, सुनी नाचत होती. गिरकी आली. मी म्हणालो, "फिर!"

सुनी फिरली. गाणंही फिरलं! टेपजवळ बसले होते आमचे शेजारी मिश्राजी. त्यांच्या हिंदीत 'फिर' म्हणजे पुन्हा. आज्ञाधारक माणूस! त्यांनी कॅसेट मागे नेऊन गाणं पहिल्यापासून लावलं.

पोरी गोंधळल्या, पण परत नाचू लागल्या. गिरकी आली. "फिर!" गाणं पुन्हा पहिल्यापासून!

"मिश्राजी, ये क्या कर रहे हो?" मी ओरडलो.

"आप ही तो बोले, फिर!"

"अरे, फिर मतलब फिर!"

"वही तो किया!" म्हणत त्यांनी परत बटण दाबलं.

लोक पोट धरून हसायला लागले. पहिल्या रांगेतून बायको ओरडली, "अहो, काय करून राहिले तुम्ही?" इलाबेन कपाळाला हात लावून खाली बसल्या. सुनीचे ओठ थरथरत होते. संपलं! माझ्यामुळे पोर पुन्हा दाराआड जाणार, असं वाटून मला रडूच यायला लागलं.

तेवढ्यात सुनीने मान वर केली. कमरेवर हात ठेवून पुढे आली आणि अख्ख्या कॉलनीसमोर गरजली, "बाबा, तुम्ही गप्प बसा! मिश्राचाचा, गाना मत रोकना! माझी गिरकी मी घेते!"

आणि घेतली! मान ताठ, नजर थेट लोकांवर. टाळ्या थांबेनात.

आज ती स्वतः मुलींना नाच शिकवते. एवढा धीर कुठून आला, असं कुणी विचारलं तर इलाबेनचं नाव घेते. माझं नाव घेत नाही. पण "बाबा, तुम्ही गप्प बसा!" याची तालीम मात्र आमच्या घरी अजून रोज चालते!