सुहासची चॅटरूम गेली

मंडळी, मी नीता, सुहासची बायको. इथे, चॅटरूमच्या मेल-ग्रुपवर, पहिल्यांदाच लिहिते आहे.

आज सकाळी कॅलिफोर्नियातल्या सांता क्लाराहून मिलिंदचा फोन आला. सुहास गेल्यापासून आपली चॅटरूम तोच सांभाळतो.

"वहिनी, काल तेरावं झालं म्हणून आज विचारतो. सुहासचा पासवर्ड आहे का? रूम त्याच्याच नावावर आहे."

पासवर्ड मला माहीत होता. सुहासचं तिथलं जुनं बोलणंही वाचायचं होतं, म्हणून लगेच लॉगिन केलं. मालक म्हणून मात्र आपल्या स्पॉन्सरचं, त्या फोनकार्ड कंपनीचं नाव दिसलं. सुहास गेल्याचं कळताच त्यांनी रूम आपल्या नावावर करायला अर्ज केला होता; तारीख तिथेच होती.

"अरे मिलिंद, सुहास गेला त्याच दिवशी विचारायचंस."

"वहिनी, तुम्ही सुतकात, आणि मी पासवर्ड मागू?"

त्याचं काही चुकलं नाही. मीही विचारलं नसतं.

दुपारी कंपनीत फोन केला. माणूस आमच्या नागपूरचाच निघाला. "सॉरी काकू, सर्व्हरचा खर्च आमचा, रूमही आमचीच. तुमच्या व्हॉलंटियर्सनी ती सांभाळायचं काम चालू ठेवावं."

"जुनं बोलणं तरी देता का?"

"ते डिलीट केलं, काकू. जागा फार लागत होती."

मिलिंद म्हणतो, नवी रूम काढू. काढा. मी अडवत नाही, पण माझं तिथे काही नसेल.

सुहास घरी फारसं बोलायचा नाही. तुमच्याशी तासन्‌तास बोलायचा. काय बोलायचा, कुणाला आठवतंय का?